माझ्या डाव्या गालाची डॉक्टर

डाव्या गालाच्या आत, शेवटच्या दाढेजवळ, मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी खरखरीत लागत होतं. तीन महिने मी ते जिभेनं चाचपत होतो आणि कुणाला सांगत नव्हतो. तिखट झोंबायला लागलं तेव्हा मी तिखट कमी केलं. तोंड पूर्वीसारखं उघडेना तेव्हा भाकरीचा घास लहान केला. प्रत्येक वेळी वाटायचं, चला, भागलं.

मी पशुधन पर्यवेक्षक. वडगाव निंबाळकर आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर सत्तावीस वर्षं गाई-म्हशी बघितल्या. लस टोचणं, रेतन करणं, अडलेली गाय मोकळी करणं, व्यायल्यावर न पडलेला जार काढणं. गावात सगळे मला डॉक्टरच म्हणतात. बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो, हे शहरातल्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बैल मान एका बाजूला कलती धरायला लागला, शिंग हाताला ढिलं लागलं की मी मालकाला जागेवरच सांगायचो, "शिंग काढावं लागंल. थांबलास तर बैल जाईल." मालक कुरकुरला तर आवाज चढवायचो. आणि तोच मी, वरच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ठेवून, स्वतःच्या तोंडाबद्दल तीन महिने गप्प बसलो.

पकडलं ते मंदानं, माझ्या बायकोनं.

"अहो, रोज भाकरी दुधात का कुस्करताय? दात दुखतुय का?"

"व्हय, जरासा."

"तोंड उघडा बघू."

उघडलं. तिची दोन बोटं आत जाईनात. तिनं माझ्या खिशातली पुडी काढून घेतली आणि गोठ्यातल्या मुताच्या नाल्यात टाकली. दुसऱ्या दिवशी आम्ही बारामतीला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आत बॅटरी मारली, आरसा खाली ठेवला आणि दाताबद्दल एक शब्दही न बोलता कॅन्सरच्या सर्जनच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

निदानाचा दिवस

गालातला तुकडा सर्जनच्या हाताखालच्या डॉक्टरनं काढून तपासायला पाठवला होता, स्कॅनही झाला होता. रिपोर्ट घ्यायला जाताना आबा बरोबर आला. आबा माझा थोरला भाऊ. शेती तोच बघतो. ऊस आणि थोडी भाजी. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्याचा.

बारामतीला सर्जनच्या दवाखान्यात पोचल्यावर आबा म्हणाला, "तू बस हितं. मी आन् मंदा जाऊन येतो."

मी बाकावर बसलो. दहा मिनिटं गेली, मग पंधरा झाली. काहीच नसतं तर एवढा वेळ लागला नसता, हे मला कळत होतं. मालकाला बाजूला घेऊन बोलायची वेळ कधी येते, ते मला माहीत होतं की.

मग दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः बाहेर आली. अडतीस-चाळिशीची, बुटकीशी बाई. केस घट्ट बांधलेले, पायात झिजलेल्या चपला. नाव डॉ. अश्विनी.

"दत्तात्रय काका तुम्हीच ना? आत या."

आत आबा खुर्चीवर बसला होता, हात जोडूनच. "ताई, मी तुमाला येवढं इनवून सांगितलं. त्याला साधी गाठ हाय म्हणा. त्याला सोसायचं न्हाय."

"आबा, तुमचं मी सगळं ऐकलं," ती म्हणाली. "पण आजार त्यांचा आहे. त्यांना माहीत नको असेल तर मी नाही सांगणार. पण ते त्यांनी म्हणायचं." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "काका, तुम्हाला किती सांगू? सगळं सांगू का जेवढ्यास तेवढं?"

असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "सगळं सांगा."

"गालाचा कॅन्सर आहे. मानेतल्या एका गाठीत उतरलाय असं दिसतंय. बाकी कुठं नाही. बरा होण्यासारखा आहे, पण नक्की बरा होईल असं वचन मी देणार नाही. ऑपरेशन मोठं आहे. गालाचा भाग, जबड्याच्या हाडाची कड आणि मानेतल्या गाठी काढायच्या. गालाला जे भोक पडेल तिथं तुमच्या हाताची कातडी तिच्या शिरांसकट आणून जोडायची. त्यानंतर पुण्याला सहा आठवडे शेक घ्यायचा, म्हणजे रेडिएशन. चेहरा बदलेल. बोलणं बदलेल."

माझे कान बधिर झाले होते, पण तोंडातून धंद्यातलाच प्रश्न निघाला. "गाठीभोवती कड किती धरता?"

तिनं मान वर केली. "एक सेंटीमीटर, सगळ्या बाजूंनी. का?"

"शिंग काढताना आमी मुळापासनं घेतो. थोडं राह्यलं तर परत येतं."

"इथंही तसंच," ती म्हणाली. मंदा तोवर पदर तोंडात कोंबून बसली होती.

बाहेर आल्यावर आबा भडकला. "काय बाई हाय का कोण? तोंडावर सांगती!" मला मात्र एक गोष्ट आठवते. भीती होतीच, पण मंदाकडे बघायला लाज वाटत नव्हती. तिला माहीत आणि मला नाही, असं काही आमच्यात उरलं नव्हतं.

त्यानंतरचे आठ दिवस

या दिवसांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. ऑपरेशनपेक्षा वाट बघणं वाईट. मला गाईचं दावं बांधता येईना. लस टोचायला गेलो तर सुई बाटलीत जाईना. तंबाखू सुटली म्हणून डोकं फुटायचं, आणि ज्या गोष्टीनं मारायला काढलं तिचीच आठवण यायची. एकदा तर नाल्यात पुडी टाकली होती त्या जागेकडे बघत उभा राहिलो होतो. हे मी मंदाला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

भेटायला माणसं यायची. कुणी म्हणे अमक्याला मुळी दिली आणि तो बरा झाला. कुणी म्हणे कापलं की पसरतं. हे शेवटचं वाक्य मला फार टोचलं. मी ते डॉक्टरला विचारलं.

ती म्हणाली, "कापल्यानं पसरत नाही. उशिरा कापल्यानं पसरलेला दिसतो. लोक उशिरा येतात आणि नाव चाकूचं होतं."

तिचं शिक्षण

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मला भरती केलं. संध्याकाळच्या फेरीत ती शेवटी माझ्याकडे यायची, कारण माझी खाट शेवटची होती. बोलता बोलता खाटेच्या दांड्याला बांधलेल्या सुतळीशी तिची बोटं खेळत असायची. एका हातानं गाठ मारायची, ओढून बघायची, सोडायची. डाव्या हातानं. मी तिचे हात बघत होतो हे तिच्या लक्षात आलं.

"तुम्हीही टाके घालता ना काका?"

"घालतो. पर आमची सुई दाभणाएवढी, आन् पेशंट लाथ मारतो."

ती मोकळी हसली. मी विचारलं, "कुठं शिकला एवढं?"

ती इंदापूर तालुक्यातल्या डाळजची. वडिलांचा पेरूचा बाग, थोडं माळवं, भाजीपाला. शाळा झेडपीची, पुढं भिगवणला. बारावीनंतर सोलापूरला साडेपाच वर्षं, मग एक वर्ष खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात, तीन वर्षं सर्जरी, आणि पुन्हा तीन वर्षं मुंबईत फक्त कॅन्सरची सर्जरी. मधे एका प्रवेशपरीक्षेत नापास झाली, ते वर्ष वेगळंच.

"तुमच्या वडिलांनी कलमं बांधली असतील. हात तिथनं आला असंल," मी म्हणालो.

"सगळे हेच म्हणतात. वडील मला कलमाच्या चाकूला हात लावू देत नव्हते. डावखुरी आहे, बोट कापून घेईल म्हणायचे." सर्जरीच्या पहिल्या वर्षी तिला धड गाठ येत नव्हती. कात्र्या, चिमटे, सगळं उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं. वरचे डॉक्टर म्हणायचे, हात बदल नाहीतर शाखा बदल. मग ती मटणाच्या दुकानातून बोकडाचं आतडं आणायची आणि होस्टेलच्या खोलीत बसून ते कापून परत जोडायची. खोलीतल्या मैत्रिणीनं वासामुळं तिला गॅलरीत बसवलं. "आम्ही माळकरी. आईला अजून माहीत नाही," ती म्हणाली.

मी सगळ्या पेशंटसारखा पुढचा प्रश्न विचारला. "घरात कुणाला झाला होता का? म्हणून तुमी हिकडं वळला?"

"नाही. घरात सगळे ठणठणीत. आजी पंच्याण्णव वर्षांची आहे, ती मला अजून लग्नाचं विचारते." तिनं सुतळी सोडून दिली. "मला भिगवणला साधा दवाखाना काढायचा होता. अपेंडिक्स, हर्निया. वडिलांनी हायवेलगतची दोन गुंठे जागा पण बघून ठेवली होती."

मग तिनं सांगितलं. सर्जरीच्या दुसऱ्या वर्षी वॉर्डात एक माणूस होता, साठीचा, तिच्याच भागातला. जठराचा कॅन्सर, पार पसरलेला. नातेवाइकांनी सांगितलेलं, त्यांना काही कळू द्यायचं नाही. रोज ड्रेसिंग करायला ही जायची. ही आपल्यासारखी बोलते म्हणून तो तिलाच विचारायचा. ताई, मी बरा होनार न्हवं?

"मी म्हणायचे, व्हय की बाबा, पंधरा दिवसांत घरी जाताय. रोज म्हणायचे. त्यांचं धाकट्या भावाशी बांधावरून वाकडं होतं, अठरा वर्षं बोलणं नव्हतं. ते मला म्हणाले, बरा झालो की पयल्यांदा त्याच्याकडं जातो. घाई कशाला, म्हणाले. घाई नाही, हे त्यांना मीच सांगितलं होतं ना." तिनं सुतळी परत हातात घेतली. "भाऊ आला तो प्रेत न्यायला. जिन्यावर बसून रडत होता. मला विचारत होता, त्यानं माझं नाव काढलं का."

"मग?"

"मग काही नाही. मला वाईट वाटलं ते खोटं बोलल्याचं नाही. ते किती सोपं गेलं, त्याचं वाटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही." तिनं माझा केसपेपर उचलला. "त्यानंतर मी कॅन्सरच्या वॉर्डात ड्युटी मागून घ्यायला लागले. आणि एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते म्हणून सांगत नाही. मला हे ऑपरेशन करायला आवडतं. आठ-आठ तास उभं राहून एक-एक शीर सोडवायची, ते आवडतं. नुसत्या कणवेवर एवढी वर्षं निघत नाहीत, काका."

मला ते पटलं. अडलेली गाय सोडवताना मलाही कणव असते, पण वासराचे पाय हाताला लागले की जो आनंद होतो तो वेगळाच असतो.

रविवारी काय करता, असंही मी विचारलं. ती उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला जाते. वही करते, कुठला पक्षी किती दिसले त्याची. "तिथं कुणी रिपोर्ट घेऊन येत नाही म्हणून जाते. पण एकदा नावाड्यानंच होडी थांबवली आणि तोंड उघडून दाखवलं. पांढरा चट्टा होता."

"मग काय केलं?"

"बॅटरी नव्हती. त्याला उन्हाकडं तोंड करून बसवलं." वेळेत आला म्हणून तो वाचला, असं ती म्हणाली. तंबाखू सोडली का, तर म्हणाली, "सोडली असं तो सांगतो."

ठिगळ

ऑपरेशनला आठ तास लागले. मला आठवतं ते एवढंच की ढकलगाडीवरून नेताना मंदा बरोबर चालत होती आणि तिच्या एका पायात तिची आणि दुसऱ्यात आबाची चप्पल होती.

जागा झालो तेव्हा नाकात नळी, गळ्यात नळी, मानेतून दोन नळ्या, डावा हात कोपरापर्यंत बांधलेला. बोलता येत नव्हतं. मंदानं पाटी-पेन्सिल आणली होती, मुलांची असते तशी. मी पहिला शब्द लिहिला, "पाणी". ते मिळणार नव्हतं. नाकातल्या नळीतून मिळालं, पण घशाला कळलं नाही.

दवाखान्याचा दिवस मोठा असतो. सकाळी नळीतून दूध. मग ड्रेसिंग. मग तासातासाला सिस्टर येऊन गालाला लावलेल्या हाताच्या कातडीच्या ठिगळाचा रंग बघायची आणि सुईचं टोक टोचून रक्त कसं येतंय ते बघायची. लाल आलं की बरं. लाळ सारखी गळायची. एक मावशी होत्या वॉर्डात, त्या येता-जाता माझी हनुवटी पुसायच्या. नाक न मुरडता, दुसऱ्याशी बोलत बोलत, टेबल पुसावं तशी. त्यांचे मी जन्मभर उपकार मानीन. दया दाखवून पुसली असती तर मी मेलो असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सिस्टरनं सुई टोचली आणि पुन्हा टोचली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती फोनकडे धावली.

डॉक्टर डाळजला निघाली होती. अर्ध्या वाटेतून परत आली. बॅटरी लावून बघितलं आणि मला म्हणाली, "काका, ठिगळ काळं पडतंय. रक्त आत जातंय पण बाहेर पडत नाही. परत उघडावं लागेल, आत्ताच. वाचेल की नाही ते सांगता येत नाही."

मी लिहिलं, "करा."

वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. हाताचं ठिगळ मेलं होतं. ते काढून आता छातीचा मांसल भाग वळवून गालाला आणावा लागणार होता. म्हणजे तिसऱ्यांदा भूल.

आबा दारातच उभा होता. "बास. आता हिच्या हातात न्हाय द्यायचं. पुण्याला न्यायचं. मी गाडी सांगितलीया."

डॉक्टर म्हणाली, "न्यायचं असेल तर मी सगळे कागद देते. तिथल्या सर्जनशी स्वतः बोलते. त्यात मला कमीपणा वाटणार नाही. फक्त आज ठरवा, उशीर नको."

मी पाटी मागितली. "चूक कुणाची?" असं लिहून तिच्याकडे धरलं.

तिनं वाचलं. "शीर जोडताना पीळ पडला असेल. किंवा आपोआप रक्त गोठलं असेल, तसंही होतं कधीकधी. माझ्या हातून झालं असेल का? असू शकतं. मला नक्की माहीत नाही. कालपासून तेच आठवून बघतेय."

"बघा! कबूलच केलं की तिनं!" आबा म्हणाला.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून जनावरं गेली. बहुतेक वेळा इलाज नव्हता. पण दोन वेळा चूक माझी होती. एका कालवडीला औषध जास्त गेलं, आणि एका गाईच्या वेळी मी दुसऱ्या गावात जेवायला थांबलो. दोन्ही मालकांना मी एकच वाक्य सांगितलं, "नशिबापुढं काय चालतंय?" त्यांनी मान हलवली. एकानं तर मला चहा पाजला. माझीही जीभ अडखळली नव्हती.

आणि ही बाई, समोर आबा गाडी घेऊन उभा असताना, म्हणत होती की माझ्या हातून झालं असेल.

मी पाटी पुसली आणि लिहिलं, "हीच करंल." आबाला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मंदानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि स्वतःच पुढं म्हणाली, "आबा, गाडी परत पाठवा."

आबा खाली गेला. तासाभरानं वर आला तेव्हा त्याच्या हातात नारळपाणी होतं. मला तर पिता येत नव्हतं. तो डॉक्टरपुढं धरून म्हणाला, "घ्या ताई. तुमाला अजून लई येळ हुबं ऱ्हायचंय."

जे राहिलं ते

छातीचं ठिगळ लागलं. गाल जाडा झाला, चेहरा एकीकडे ओढला गेला. पुढं पुण्यात शेक. मुलगी प्रज्ञा हडपसरला नोकरी करते, तिच्या एका खोलीत आम्ही सहा आठवडे राहिलो. चेहऱ्यावर जाळीचा साचा आवळून टेबलाला जखडतात. पहिल्या दिवशी मी त्यात रडलो. दहाव्या दिवशी झोप लागायला लागली. तोंडात सगळीकडे चट्टे. पाण्याला गंजलेल्या लोखंडाची चव. मंदा मिक्सरमधून जे करून द्यायची ते मला एकसारखंच लागायचं. एकदा मी पेला भिंतीवर फेकला. ती म्हणाली, "आजारी तुमी हाय, पर थकलीया मी. मलाबी माणसात धरा." मग जिन्यात जाऊन बसली. प्रज्ञानं मला फडकं दिलं आणि भिंत माझ्याकडून पुसून घेतली. बरोबर केलं. शेक संपल्यावर महिन्यानं शिकरणाचा गोडवा जिभेला कळला, तेव्हा पहिला घास मी मंदाला दिला.

ज्यांना यातून जायचंय त्यांना एवढंच सांगतो. तोंड उघडायचा व्यायाम चुकवू नका. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि आठवड्याला एक वाढवायची. मी आळस केला, म्हणून माझं तोंड आज दोनच बोटं उघडतं. खिशात रुमाल दोन ठेवा. आणि घरचे लोक डॉक्टरच्या खोलीत तुमच्या आधी जायला लागले तर उठून त्यांच्या मागं जा.

आता दोन वर्षं झाली. मी परत कामावर आहे. त्या दोन मालकांपैकी एक वारला होता. दुसऱ्याकडे जाऊन मी गाईचं खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मला तवाच वाटलं हुतं."

शंकरराव

गेल्या महिन्यात आमच्याच गावातल्या शंकररावांना मी डॉक्टरकडे घेऊन गेलो. पाचेक एकराचे मालक, सत्तरीचे. घशाची गाठ. पोरं मला वाटेत म्हणाली, "डॉक्टर, तुमी तिला ओळखता. म्हाताऱ्याला सांगू नका म्हणावं." मी म्हणालो, "त्यांनाच विचारू."

आत डॉक्टरनं त्यांना तेच विचारलं, जे मला विचारलं होतं. शंकरराव म्हणाले, "सांगा की. मी काय ल्हान हाय?" तिनं सांगितलं. उशीर झाला होता. ऑपरेशन होणार नव्हतं. दुखणं कमी ठेवता येईल, घास गिळता येईल असं बघता येईल, पण बरं करता येणार नाही. काही महिने. शंकररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली आणि विचारलं, "आडसाली ऊस तुटूस्तवर?" तो ऊस तुटायला दीड वर्ष लागतं.

"बहुतेक नाही, बाबा," ती म्हणाली.

ते बाहेर गेल्यावर मी मागं राहिलो. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी म्हणालो, "हे कुठल्या वर्षाला शिकवतात?"

"शिकवत नाहीत," ती म्हणाली. "पुढच्याला पाठवा, काका."

गावात पोचलो. घरासमोर गाडी थांबली तरी शंकरराव उतरेनात. माझा हात धरून म्हणाले, "मला समदं कळलं. पर घरात पारूला कसं सांगू? पन्नास वर्सं झाली. माझ्यानं तोंड उघडायचं न्हाय. तू चल."

पारूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. शंकरराव माझ्या शेजारी. पोरं दारातच थांबली. माझे ओठ नीट मिटत नाहीत, निम्मे शब्द वाकडे निघतात. तरी मी बोलायला लागलो. पारूबाईंनी सूप बाजूला सारलं आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. एकदाही त्यांनी मला "काय म्हणालास?" असं विचारलं नाही.